रेताड रानातल्या चाऱ्याला ठिबकमधून खत देताना

खान्देशात वाळवंट नाही. पण शिंदखेडा, साक्री, अमळनेरच्या कडेची काही रानं एप्रिल-मे महिन्यात उभं राहून पाहिली, तर राजस्थानात आल्यासारखं वाटतं. वर विताएवढा रेताड थर, खाली मुरूम, आणि पारा पंचेचाळीसच्या आसपास. आमचं दोन एकराचं चाऱ्याचं रान असंच आहे, बुराई नदीकाठच्या पट्ट्यात. बादलीभर पाणी ओतलं तर डबकं साचत नाही, चाळणीतून गेल्यासारखं खाली जातं. अशा जमिनीत गजराज (नेपियर जातीचं उंच चारा गवत), मका, लसूण घास घेताना काळ्या जमिनीचे नियम चालत नाहीत. चालतात ते वाळवंटातले.

ठिबकचा आजचा अवतार जन्मला तोही वाळवंटातच. इस्रायलच्या नेगेवमध्ये हात्झेरीम नावाच्या किबुत्झने (सामूहिक शेतीच्या गावाने) 1965 साली सिम्का ब्लास यांच्यासोबत ठिबकची कंपनी काढली. आपल्याकडे जळगावच्या केळीने ठिबक घराघरात पोचवलं. रावेर-यावलचा केळीवाला खताचं वेळापत्रक झोपेतही सांगेल. चाऱ्याला मात्र अजून ‘उरलंसुरलं’ खत मिळतं: केळीतून, कपाशीतून शिल्लक राहिलेली युरियाची अर्धी गोणी, तीही एकदम. आणि मग वाटतं, हलक्या रानात चारा येतच नाही.

मीही तेच केलं होतं. पहिल्या वर्षी गजराजची दुसरी कापणी झाली, तसा पंधरा किलो युरिया टाकीत विरघळवला, मोटर सुरू करताच सोडून दिला आणि वर तीन तास पाणी चालवलं. मनात हिशेब एवढाच की खत मुरलं पाहिजे. मुरलं, पण कुठे? आठ दिवस पानं काळीशार दिसली आणि नवव्या दिवसापासून पिवळी पडायला लागली. शेजारच्या आबांनी बांधावर उभं राहून एका वाक्यात निदान केलं: “जमीन भुकी शे, भाऊ.” भुकेलीच होती. तिला महिन्याचं जेवण एका ताटात वाढलं होतं, आणि ताटाला बूड नव्हतं.

बूड नाही म्हणजे काय

काळ्या जमिनीतली चिकणमाती अमोनियम, पालाश, कॅल्शियम धरून ठेवते आणि मुळांनी मागितलं की सोडते. वाळूच्या कणाला ही धरून ठेवायची ताकद जवळपास नसते. त्यात युरियाची गंमत अशी की तो पाण्यात विरघळल्यावर त्याच्यावर कुठलाही विद्युतभार नसतो, म्हणून मातीला चिकटत नाही, पाणी जाईल तिकडे जातो. उन्हाळ्याच्या गरम, ओल्या मातीत दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं, पुढच्या आठ-पंधरा दिवसांत नायट्रेट. नायट्रेटही पाण्याबरोबरच पळतं. म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा नत्र पळायला मोकळं. स्फुरदाचं नेमकं उलटं. ते पडेल तिथेच बसतं आणि चुनखडी असेल तर कॅल्शियमशी जखडलं जातं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फावडं घ्या. तासभर ठिबक चालवा, बंद करा आणि एका ड्रीपरच्या (नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोंडाच्या) बाजूने उभा काप घेऊन दीड-दोन फूट खणा. काळ्या रानात ओलीचा आकार कांद्यासारखा दिसतो, रुंद आणि गोल. रेताड रानात तो मुळ्यासारखा असतो: वर वीतभर रुंद आणि खाली लांब शेपूट. गजराजची खाणारी मुळं बहुतेक वरच्या फूटभरात असतात. त्यामुळे त्या शेपटीतलं खत आपलं नाही, विहिरीचं. पुढे सांगितलेलं सगळं हा मुळा आखूड ठेवण्यासाठीच आहे.

नळ्यांची मांडणी

दोन ओळींत एक नळी टाकून पैसे वाचवायचा मोह होतो. काळ्या जमिनीत ते जमतं, इथे नाही, कारण पाणी आडवं सरकत नाही. आमच्याकडे गजराजच्या ओळी चार फुटांवर, प्रत्येक ओळीला स्वतःची इनलाइन नळी, ड्रीपर 40 सेंटीमीटरवर, ताशी 2 लिटरचा. एका एकरात अशी साधारण 3,370 मीटर नळी बसते, म्हणजे सुमारे 8,400 ड्रीपर आणि ताशी जवळपास 16,800 लिटर पाणी. हा आकडा आपापल्या मांडणीचा काढून भिंतीवर लिहून ठेवा. मोटर एवढं पाणी देत नसेल, तर एकराचे दोन भाग करून व्हॉल्व्ह बसवा. दाब कमी पडला की टोकाच्या ओळी उपाशी राहतात.

मे महिन्यात गजराजला दिवसाला अंदाजे 7 मिलिमीटर पाणी धरलं, तर एकरी 28,000 लिटर होतं, म्हणजे आमच्या मांडणीत एक तास चाळीस मिनिटं. ते एका दमात देऊ नका. पन्नास-पन्नास मिनिटांच्या दोन पाळ्या करा. थ्री फेज कधी येईल त्यावर हे अवलंबून आहे, हे मला माहीत आहे. ऑटो स्टार्टर आणि टायमर असेल तर सोपं जातं, नसेल तर दोन पाळ्यांत निदान तीन-चार तासांचं अंतर ठेवा.

खत ओढायला साधा व्हेंच्युरी (पाण्याच्या दाबातल्या फरकावर टाकीतलं खत ओढणारी नळी) पुरतो. तो बसवताना क्रम चुकू नये: विहिरीच्या पाण्यात शेवाळ, गाळ असेल तर आधी सँड फिल्टर, मग व्हेंच्युरी, आणि त्याच्यापुढे स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर. खतातला न विरघळलेला कचरा या शेवटच्या फिल्टरने अडवायचा असतो. व्हेंच्युरी या शेवटच्या फिल्टरच्याही पुढे बसवलेलं मी दोन ठिकाणी पाहिलं. दोन्हीकडे तक्रार एकच, ठिबक बंद पडतं. आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल तर वीज गेल्यावर खताचं पाणी उलटं विहिरीत जातं. गावात तीच विहीर पिण्याची असेल तर काय होईल, वेगळं सांगायला नको.

लागवडीआधी जमिनीत काय घालायचं

सगळं खत नळीतून द्यायचा हट्ट नको. स्फुरद हलत नाही, म्हणून ते मुळाशी आधीच असलेलं बरं. एकरी आठ-दहा टन कुजलेलं शेणखत आणि 150 किलो सिंगल सुपर फॉस्फेट सरीत मिसळून वर माती ओढतो. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळतं. शेणखत हा इथे नुसता खताचा प्रश्न नाही, ताटाला बूड लावण्याचा आहे. रेताड रानात धरून ठेवणारी गोष्ट तेवढीच. दरवर्षी पावसाळ्याआधी ओळीच्या बाजूला पुन्हा थोडं द्यावं. चारा म्हशींच्या पोटात जातो, शेण गोठ्यात पडतं आणि उकिरड्यावरून पुन्हा रानात आलं नाही तर पालाशचं दिवाळं निघतं.

किती द्यायचं

एक टन हिरव्या गजराजमध्ये सुका माल साधारण 180 किलो. त्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के धरली, तर टनामागे सुमारे अडीच किलो नत्र रानाबाहेर जातं. पालाश त्याहून जास्त जातं, बरेचदा दीडपट. एकरी दहा-बारा टनांची कापणी म्हणजे पंचवीस-तीस किलो नत्र गेलं. त्यातलं काही शेणखतातून येतं, उरलेलं नळीतून. आमचं गणित एका एकराला, एका कापणीला (उन्हाळ्यात 45 दिवसांची) असं बसलंय:

युरिया 45 किलो, म्हणजे बरोबर एक गोणी. त्यातून 20.7 किलो नत्र.
12:61:00 (आकडे क्रमाने नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के) दहा किलो. त्यातून सहा किलो स्फुरद आणि थोडं नत्र.
पांढरं पोटॅश (60 टक्के) 31 ते 32 किलो. त्यातून सुमारे 19 किलो पालाश.

याचे नऊ हप्ते. कापणीनंतर पहिले चार दिवस नुसतं पाणी, कारण खुंटावर पानच नसतं, खाणार कोण? पाचव्या दिवशी कोंब दिसले की पहिला हप्ता, मग दर तिसऱ्या दिवशी: 5, 8, 11, 14, 17, 20, 23, 26, 29. प्रत्येक हप्त्याला 5 किलो युरिया आणि 3.5 किलो पांढरं पोटॅश, आणि पहिल्या चार हप्त्यांत 2.5 किलो 12:61:00. एकोणतिसाव्या दिवसानंतर कापणीपर्यंत खत बंद. त्याचं कारण पुढे येईलच.

हे आकडे आमच्या रानाचे आहेत. माती परीक्षणात पालाश भरपूर निघालं तर पोटॅश निम्म्यावर आणा. पाणी खारं असेल तर पोटॅशमधला क्लोराइड त्यात भर घालतो. तिथे 00:00:50 किंवा 13:00:45 वापरा, महाग पडलं तरी. 13:00:45 घेतलं तर त्यातलं नत्र मोजून युरिया तेवढा कमी करायला विसरू नका. डीएपी आणि साधा 10:26:26 नळीत घालू नका, त्यातला गाळ ड्रीपर खातो.

बाटलीची परीक्षा

एकदा पांढरं पोटॅश संपलं होतं. दुकानदाराने लाल दिलं, वर “विरघळतं हो, सगळे नेतात” असंही सांगितलं. मी टाकीत टाकलं, ढवळलं आणि व्हेंच्युरी सुरू केला. दहा मिनिटांत फिल्टरच्या मागचा दाब वाढला, पुढचा पडला. फिल्टर उघडला तर जाळीवर विटकरी चिखल, बोटाने खरवडला तरी निघेना. लाल पोटॅशचा रंग लोखंडाच्या गंजाचा असतो आणि तो भाग पाण्यात विरघळत नाही. तेव्हापासून आमच्या मोटरच्या खोलीत पाण्याची एक रिकामी बाटली खिळ्याला टांगलेली असते.

परीक्षा सोपी आहे. बाटलीत आपल्याच विहिरीचं किंवा बोअरचं एक लिटर पाणी घ्या. टाकीत जेवढी खतं एकत्र टाकणार, तेवढ्याच दाटपणाने ती बाटलीत घाला. आमच्या 50 लिटरच्या मिश्रणासाठी हे प्रमाण लिटरला 100 ग्रॅम युरिया, 70 ग्रॅम पोटॅश आणि 50 ग्रॅम 12:61:00 असं येतं. हलवा आणि दोन तास सावलीत ठेवा. मग बाटली उजेडाकडे धरून बघा. पाणी ताकासारखं पांढरट झालं, तळाला साका बसला किंवा वर फेस-तवंग राहिला, तर ते मिश्रण नळीत जाणार नाही. निमकोटेड युरियाचा हलका तवंग येतोच. त्यासाठी टाकीत ओतताना जुन्या धोतराच्या दुहेरी कापडातून गाळतो. बाटली हातात धरल्यावर ती गार लागेल, घाबरू नका, युरिया विरघळताना उष्णता ओढतो. म्हणूनच आधी पोटॅश आणि 12:61:00 विरघळवायचं आणि युरिया शेवटी. गार पाण्यात पोटॅश रेंगाळतं.

एक नियम बाटलीशिवायही पाठ असू द्या: कॅल्शियम नायट्रेट स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या कुठल्याही खतासोबत एकाच टाकीत नको. कॅल्शियम फॉस्फेट किंवा जिप्सम तयार होऊन नळीतच बसतं. ते वेगळ्या दिवशी द्या. झिंक सल्फेट आणि 12:61:00 यांचंही जमत नाही.

मिनिटांचा हिशेब

पन्नास मिनिटांची पाळी अशी वाटा: पहिली दहा मिनिटं साधं पाणी, नळ्या भरून दाब बसेपर्यंत. पुढची पंचवीस मिनिटं खत. शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा साधं पाणी, नळी धुवायला. पंधराच का? कारण आमच्याकडे खत सोडल्यापासून शेवटच्या ड्रीपरपर्यंत पोचायला बारा मिनिटं लागतात. तुमच्याकडे आठ असतील किंवा वीसही असतील. हे मोजायचं कसं? हातातला ईसी मीटर (पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा) असेल तर शेवटच्या ड्रीपरखाली वाटी ठेवा आणि दर दोन मिनिटांनी आकडा बघा. आमच्या विहिरीचा ईसी 0.9 आहे. खत पोचलं की तो दोनच्या आसपास जातो. (युरिया मीटरला दिसत नाही, भार नसल्यामुळे. आकडा वाढतो तो पोटॅशमुळे.) मीटर नसेल तर टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वाटीत रंग कधी येतो ते घड्याळ लावून बघा. धुण्याचा वेळ या आकड्यापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त, एवढाच. जास्त धुतलं तर खत शेपटीत गेलं, कमी धुतलं तर नळीत राहिलं, शेवाळाला मेजवानी आणि टोकाच्या ओळी उपाशी.

खताची पाळी दिवसातली शेवटची ठेवा. सकाळी खत आणि संध्याकाळी पुन्हा पन्नास मिनिटं साधं पाणी दिलं, तर सकाळचा युरिया फूटभर खाली ढकलला जाणार. हा बदल पहिल्या वर्षी सुचला असता तर निम्मा युरिया वाचला असता.

व्हेंच्युरी पंचवीस मिनिटांत किती ओढतो तेही बादलीने मोजून घ्या. आमचा 50 लिटर ओढतो, म्हणून खत 50 लिटरमध्येच विरघळवतो. ओढ कमी वाटली तर मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा, दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडला की तो ओढतो.

शेवटचे दोन आठवडे खत बंद का

हे वाचताना झोप येत असेल तर पाणी मारून जागे व्हा. चाऱ्यात जास्त झालेलं नत्र नायट्रेटच्या रूपात साठतं, सगळ्यात जास्त बुडाच्या कांड्यात. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. रक्त चॉकलेटी दिसतं, जनावर धापा टाकतं आणि काही तासांत जाऊही शकतं. पाण्याचा ताण बसलेलं पीक, ढगाळ हवा आणि नुकतंच दिलेलं युरिया, हे तिन्ही जमलं की धोका सगळ्यात मोठा. म्हणून ठिबक बंद पडून चारा सुकला असेल, तर पाणी सुरू झाल्यावर लगेच खत देऊन चार दिवसांत कापू नका. ज्वारीच्या कोवळ्या चाऱ्याने किराळ लागते ते विष वेगळं, पण खबरदारी तीच: ताण बसलेली ज्वारी फुलोऱ्याआधी जनावरापुढे टाकू नये. गजराज कोवळा असताना, पालाश-नत्र भरपूर मिळालेला असताना, त्यात ऑक्झॅलेटही (कॅल्शियम बांधून टाकणारा घटक) जास्त असतं. म्हणून नुसत्या गजराजवर म्हैस ठेवू नका. कडबा मिसळा, खनिज मिश्रण द्या.

मका आणि लसूण घास

मक्याचं सोपं आहे. आफ्रिकन टॉल पेरला की साठ-सत्तर दिवसांत कापणी. एकरी 40 किलो नत्र सहा-सात हप्त्यांत, बाराव्या दिवसापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत, बाकी सगळं वरच्यासारखंच.

लसूण घास मात्र वेगळ्या जातीचा पाहुणा. हे द्विदल पीक आहे, नत्र ते स्वतः कमावतं. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र कमावणारे जिवाणू) लावून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा, नळ्या दोन फुटांवर घ्या. सुरुवातीला थोडं नत्र दिलं की पुढे युरियाला हात लावू नका. गाठी काम करतात का, हे बघायला एक रोप मुळासकट उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद. घासाला हवं स्फुरद आणि पालाश. प्रत्येक कापणीनंतर 00:52:34 आणि 00:00:50 थोडं-थोडं, तीन-चार हप्त्यांत. धुळ्याच्या थंडीत गजराज आखडून बसतो, तेव्हा घास जोमात असतो. डिसेंबर-जानेवारीत गजराजचे हप्ते निम्मे करा, तो खात नाही.

पानं शिरांमध्ये पिवळी आणि शिरा हिरव्या असं कोवळ्या पानांवर दिसलं, तर युरिया वाढवू नका, ती लोखंडाची कमतरता. चुनखडीच्या रानात हिराकस (लोखंडाचं सल्फेट) नळीतून देऊन उपयोग नाही, ते लगेच बांधलं जातं. ईडीडीएचए चिलेट (चुनखडीतही बांधलं न जाणारं लोखंड) द्यावं लागतं, निदान फवारणी तरी.

नळ्यांची निगा

पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून गढूळ पाणी वाहून जाऊ द्या. तापीकाठच्या बोअरचं पाणी जड असतं, तिथे ड्रीपरच्या तोंडावर पांढरी खर चढते. त्यासाठी आम्लाची प्रक्रिया करायची. हायड्रोक्लोरिक आम्लाची मात्रा बादलीत ठरवा: आपलं दहा लिटर पाणी, त्यात थोडं-थोडं आम्ल, पीएच पट्टी तीन-चारवर येईपर्यंत. जेवढे मिलिलिटर लागले त्या हिशेबाने व्हेंच्युरीतून सोडा. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याने पट्टी लाल झाली की मोटर बंद करा, रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी टोकं उघडून धुवा. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नको. आणि ब्लिचिंगची प्रक्रिया त्याच दिवशी नको, विषारी वायू होतो. जीवामृत, स्लरी नळीतून सोडणारे बरेच आहेत. गाळून गाळून जीव गेला तरी ड्रीपर एक दिवस बसतोच. मी ते सरीतूनच देतो.

कापणीच्या आदल्या दिवशी नळ्या ओळीच्या एका बाजूला सरकवून ठेवा. विळ्याने नळी कापली की कापणाऱ्याला दोष देता येत नाही, उभ्या चाऱ्यात ती दिसतच नाही.

पहिला पाऊस

मे संपता संपता ओळीच्या बाजूला मातीवर पांढरी किनार दिसेल. खतातले आणि पाण्यातले क्षार ओलीच्या कडेला जाऊन जमलेले असतात. जोरदार पाऊस झाला तर ते खाली धुऊन जातात, काही प्रश्न नाही. पण मृगाची हलकी सर आली तर तीच किनार विरघळून आत मुळांकडे सरकते, आणि दोन दिवसांत पानांची टोकं करपतात. वाळवंटातले शेतकरी अशा वेळी ठिबक चालू करतात, म्हणजे ओलीचा जोर आतून बाहेर राहतो आणि क्षार कडेलाच थांबतात. गेल्या जूनमध्ये मीही, डोक्यावर गोणपाट घेऊन, पावसाच्या सरीतच स्टार्टर दाबला. आबा बांधावरून ओरडले, “पानी पडी ऱ्हायनं नि तू मोटर लावस?” मी हातानेच पांढरी किनार दाखवली. ते खाली उतरले, माती बोटाला लावून जिभेवर ठेवली, थुंकले, आणि त्यांच्या रानाकडे मोटर लावायला गेले.